शंभर विहिरींच्या मोटरा आणि सव्वा क्विंटल पाइप

शेतातली विहीर डोळ्यांपुढे आणा. काठावर पाच एचपीची मोटर. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की ती एकदा हुंकारते आणि पाइपाच्या तोंडातून पाण्याचा लोट बाहेर पडतो. रात्रभर चालली तर उसाचं अख्खं रान भिजवून टाकते. आता अशी दुसरी विहीर आणा. मग दहावी, पन्नासावी, शंभरावी! शंभर विहिरी, शंभर मोटरा आणि शंभरही स्टार्टर एकाच क्षणी दाबलेले. ही सगळी ताकद गोळा करा आणि एका गाडीच्या बोनेटखाली कोंबा. झाले ५०० एचपी!

आणि थक्क व्हायला इथूनच सुरुवात होते, कारण ड्रॅग रेसिंगच्या जगात ही ताकद अगदी बेताची मानतात.

चला, अमेरिकेत जाऊ. ओहायोतल्या एखाद्या छोट्या गावात, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये एक माणूस रात्री उभा आहे असं धरा. समोर १९६९ची शेव्हरोले कॅमॅरो आहे. वजन साधारण १,४५० किलो, बोनेटखाली त्या शंभर विहिरी. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळतोय : या गाडीची मूळ चौकट ठेवायची, की तिला पार सोलून आतून पाइपांचा नवा सांगाडा, म्हणजे ट्यूब चॅसी, बांधायची? असा प्रश्न पडलेली शेकडो माणसं तिथे आहेत. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याच्या पोटातले आकडे बघितले की डोळे विस्फारतात. आपण ते एकेक करून उलगडू.

ड्रॅग रेसिंगचा सगळा खेळ पाव मैलाच्या सरळ पट्टीवरचा. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, म्हणजे साधारण अठरा डब्यांच्या एक्स्प्रेसची लांबी. फलाटावर शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत सामान घेऊन चालायला आपल्याला पाच मिनिटं लागतात, आणि मध्ये एकदा दमही खावा लागतो. रेसरांचा वजन आणि एचपी यांचा एक जुना ठोकताळा आहे. त्यावर विश्वास ठेवला तर आपली कॅमॅरो हे अंतर १०.८ सेकंदांत तोडते आणि शेवटच्या टोकाला ताशी सुमारे २०३ किलोमीटरने निघून जाते. उभ्या जागेवरून! मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर कारला ताशी १००ची मर्यादा आहे. ही गाडी अठरा डब्यांच्या अंतरात त्याच्या दुप्पट वेग गाठते.

पण गॅरेजमधल्या माणसाला हे पुरत नाही. त्याला एक सेकंद कमी करायचा आहे, आणि तो एक सेकंद वजनात लपलेला आहे.

कारखान्यातून आलेली गाडी ही पत्र्याची पेटी असते. जाड दारं, काचा, सीट, गालिचा, फ्रेमचे जडशीळ तुकडे. ट्यूब चॅसी बांधणारा हे सगळं काढून टाकतो आणि पोकळ पाइपांचा एक पिंजरा उभा करतो. इंजिन त्या पिंजऱ्याला, चाकं त्या पिंजऱ्याला, सीटही त्या पिंजऱ्याला. बाहेरचं अंग फायबरचं, नुसतं अंगरख्यासारखं वरून घातलेलं. या पिंजऱ्यातला मुख्य पाइप केवढा असतो? सव्वा इंची जीआय पाइप घरोघरी पाहिलेला असतो, बाहेरून जवळपास तेवढाच. ४१ मिलिमीटर व्यास. भिंत मात्र २.१ मिलिमीटर. काडेपेटीतली काडी घ्या आणि बोटांत धरून पाहा. तेवढीच जाडी!

आता मोजू. पूर्ण सांगाड्याला असा ६० मीटर पाइप लागतो असं धरा. मीटरला साधारण दोन किलो. एकूण १२० किलोच्या आसपास, म्हणजे सव्वा क्विंटल. बाजार समितीत ज्वारीची दोन-तीन पोती काट्यावर ठेवली की सव्वा क्विंटल होतो. एवढ्याच वजनाच्या पोलादावर आख्खी गाडी, तिच्या शंभर विहिरी आणि आतला जिवंत माणूस, सगळं तोललेलं!

असा सांगाडा आणि फायबरचं अंग झालं की गाडी १,४५० किलोवरून १,०९० किलोपर्यंत येऊ शकते. ३६० किलो कमी. सिमेंटची सात पोती गाडीत भरलेली होती आणि कोणीतरी ती उतरवून ठेवली, असं समजा. इंजिन तेच, विहिरी त्याच शंभर. वेळ मात्र १०.८ सेकंदांवरून ९.८वर! एक सेकंद गळला. एक सेकंद म्हणजे काय? जुन्या गाडीच्या वेगात एक सेकंद म्हणजे ५६ मीटर, रेल्वेचे अडीच डबे. जुनी कॅमॅरो आणि नवी कॅमॅरो शेजारी शेजारी सोडल्या तर नवीचं नाक रेषेला लागतं तेव्हा जुनी अडीच डबे मागे असते. सात पोती सिमेंटची किंमत अडीच डबे!

आणखी बारीक जाऊ. पाइप दोन प्रकारचा मिळतो. एक साधं पोलाद, दुसरं क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं मिश्र पोलाद, ज्याला सगळे क्रोमोली म्हणतात. अमेरिकेतली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, पिंजऱ्यासाठी साधं पोलाद वापरलं तर भिंत ३ मिलिमीटरची मागते. क्रोमोली वापरलं तर २.१ चालते. फरक ०.९ मिलिमीटरचा, नखाएवढा. पण तो मीटरमागे आठशे ग्रॅम होतो आणि ६० मीटरमागे ४८ किलो. सिमेंटचं एक पोतं! रेसरांचा दुसरा ठोकताळा सांगतो की ४५ किलो कमी झाले की सेकंदाचा दहावा हिस्सा वाचतो. दहावा हिस्सा म्हणजे हलक्या गाडीच्या वेगात सहा मीटरांहून जास्त, जवळजवळ दोन मारुती ८०० एकामागे एक. पाइपाच्या भिंतीतून नखाएवढी जाडी खरवडली आणि शेवटच्या रेषेवर दोन मारुती मावतील एवढी आघाडी मिळाली!

आता हा पाइप जोडायचा कसा? सांगाड्यात लहानमोठे ७५ तुकडे धरू. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे १५० सांधे. गोल पाइपावर गोल पाइप बसवायचा तर टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कोरून घ्यावं लागतं, फट राहता कामा नये. मग वेल्डिंग. क्रोमोलीला एनएचआरए फक्त टिग वेल्डिंग मान्य करते, ज्याला आपले फॅब्रिकेटर आर्गन वेल्डिंग म्हणतात. वर ग्राइंडर फिरवून टाका घासलेलाही चालत नाही, कारण घासलेल्या चकचकीत टाक्याखाली काय दडलंय ते तपासणाऱ्याला दिसत नाही. प्रत्येक सांध्याभोवती १३-१४ सेंटिमीटरची शिवण येते. १५० सांध्यांची शिवण सरळ पसरली तर २० मीटरच्या पुढे जाते. जुन्या निळ्या रेल्वे डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताने, वितभर वितभर घातलेला पोलादाचा टाका! त्यातला एक सेंटिमीटर जरी कच्चा राहिला तरी सगळं मुसळ केरात.

आणि वेळ? घरी, नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे काम करायचं तर एक हजार तास धरून चला. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला सव्वातीन तासांत पोहोचते. हजार तासांत तिच्या ३०० खेपा होतात. वर्षभर जवळजवळ रोज संध्याकाळी मुंबईहून पुण्याला जाण्याइतका वेळ हा माणूस गॅरेजच्या फरशीवर पाठीवर पडून घालवणार आहे. कशासाठी? ९.८ सेकंदांसाठी.

आता रुपये मोजू, हात थरथरले तरी. सांगाडा, इंजिन, टायर, सुरक्षेचं सामान मिळून समजा ५०,००० डॉलर लागले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साडेबेचाळीस लाख. या गाडीने आयुष्यात १०० धावा केल्या असं माना. १०० गुणिले ९.८ सेकंद म्हणजे ९८० सेकंद. सोळा मिनिटं आणि वीस सेकंद! गाडीचं एकूण आयुष्य एवढंच. सेकंदाला ४,३०० रुपये. जीभ टाळ्याला लावून ‘एक’ म्हणा : गेले ४,३००. ‘दोन’ म्हणा : आणखी ४,३००. आणि अंतर? १०० धावांचे मिळून ४० किलोमीटर. सीएसएमटीहून मुंब्रा! लोकलचा साधा प्रवास. मीटरला १०५ रुपये पडले. याच दराने डेक्कन क्वीनच्या रुळांवरून पुणे गाठायचं तर १९२ किलोमीटरांचे दोन कोटी रुपये होतील.

इतकं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, कशाला हा खटाटोप? थांबा. अजून सगळ्यात मोठा आकडा यायचा आहे, आणि या सांगाड्याचा खरा हिशेब त्यातच आहे.

वेग हा डोळ्यांना आडवा दिसतो. आपण तो उभा करून बघू. एखादी वस्तू उंचावरून सोडली तर ती खाली येईपर्यंत वेग घेते. मग कुठल्याही वेगाला विचारता येतं की तू किती उंचीवरून पडल्यासारखा आहेस? उंची विहिरींतच मोजू. ४० फूट खोल विहीर, गावात असते तशी. अशा विहिरी एकाखाली एक खणत चला आणि हवेचा विरोध सोडून द्या.

मूळ कॅमॅरोचा ताशी २०३ किलोमीटरचा वेग म्हणजे १३ विहिरी एकाखाली एक, त्यांच्या तळाशी पडल्यावर असतो तेवढा. सांगाडा बदललेली, ताशी २२३ किलोमीटरची कॅमॅरो म्हणजे १६ विहिरी. आता त्याच हलक्या गाडीत शंभराऐवजी दोनशे विहिरींच्या मोटरा बसवा, १,००० एचपी. पाव मैल ७.८ सेकंदांत, वेग ताशी २८०. किती विहिरी झाल्या? पंचवीस! हजार फूट खोल अंधार, आणि तळाशी पोहोचताना तुमच्याभोवती काय आहे? ४१ मिलिमीटरचा पाइप, काडेपेटीतल्या काडीएवढ्या भिंतीचा.

म्हणूनच एनएचआरएचे नियम विहिरी मोजत वर चढतात. ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला की डोक्यामागे पाइपाची कमान हवी. ९.९९च्या आत आलात किंवा ताशी १३५ मैल, म्हणजे २१७ किलोमीटर ओलांडलेत की पूर्ण पिंजरा हवा आणि चॅसीवर तपासणीचं शिक्कामोर्तब हवं. ताशी १५० मैलांच्या, म्हणजे २४१ किलोमीटरच्या पुढे गेलात की मागे पॅराशूट बांधा. ८.५० सेकंदांच्या खाली गेलात की पिंजऱ्याचे नियम आणखी कडक होतात. तेरा विहिरींना एक कायदा, पंचवीस विहिरींना दुसरा.

हे नियम कागदावर बसून सुचलेले नाहीत. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता अॅनाच्या विमानतळावर तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली. रस्त्यांवर धावणाऱ्या पोरांना सुरक्षित जागा द्यायची, हा त्यामागचा हेतू. १९६४मध्ये रेसर डॉन गार्लिट्स यांनी ताशी २०० मैल ओलांडले. ३२२ किलोमीटर! आपल्या विहिरींच्या हिशेबात तेहतीस. आणि मग ८ मार्च १९७० उजाडला. लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स त्यांच्या पायांपाशी फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले. उजव्या पावलाचा अर्धा भाग गेला. इंजिन पुढे आणि माणूस त्याच्या मागे, ही तोवरची मांडणी होती. इस्पितळातल्या खाटेवर पडून गार्लिट्स यांनी चॅसीच नव्याने विचारात घेतली. माणूस पुढे, इंजिन मागे! १९७१मध्ये ती गाडी, स्वॉम्प रॅट १४, पोमोनात विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकली. थोड्याच वर्षांत सगळ्या अव्वल ड्रॅगस्टरांची, म्हणजे ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांची, मांडणी तशीच झाली. त्यांच्यापुढेही तोच प्रश्न होता जो आज ओहायोच्या गॅरेजमध्ये आहे : पाइप कुठून कुठे न्यायचे आणि मध्ये माणूस कुठे बसवायचा?

आता श्वास रोखून धरा, कारण आपण याच पाइपांच्या शेवटच्या टोकाला चाललो आहोत. टॉप फ्युएल ड्रॅगस्टर!

हीसुद्धा क्रोमोलीच्या पाइपांचीच गाडी. पुढच्या आणि मागच्या चाकांत ७.६२ मीटर अंतर. वजन एक टनाच्या किंचित वर. ताकद? सुमारे ११,००० एचपी! बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनणारं आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएजी-१२ इंजिन आठवा, हजारो टनांची मालगाडी ओढणारं. त्याची ताकद १२,००० एचपी आणि वजन १८० टन. जवळपास तीच ताकद इथे एका टनाच्या गाडीत बसवली आहे, आणि त्या एका टनात माणूसही मोजला आहे! विहिरींत सांगायचं तर २,२०० विहिरी. तालुक्यातल्या गावागावांतले स्टार्टर एका क्षणी दाबा. या इंजिनाला आठ सिलिंडर. प्रत्येक सिलिंडर जवळजवळ एक लिटरचा, स्टॉलवर मिळणाऱ्या पाण्याच्या बाटलीएवढा. त्या एका बाटलीत २७५ विहिरींच्या मोटरा!

ही गाडी पेट्रोल पीत नाही. ९० टक्के नायट्रोमिथेन, बाकी मिथेनॉल. सेकंदाला पाच लिटरच्या आसपास. दोन सेकंदांत एक कळशी रिकामी. टायर तापवण्यापासून थांबण्यापर्यंत एका फेरीत ४० लिटरच्या घरात. ४० लिटर पेट्रोलवर आपली स्प्लेंडर मुंबई-पुणे जाऊन येऊन आठ वेळा धावेल. ही गाडी तेवढ्यात ३०५ मीटर जाते. हो, ३०५ मीटर, १,००० फूट, कारण २००८मध्ये एका रेसरच्या मृत्यूनंतर या गाड्यांचं अंतर पाव मैलावरून कमी केलं. ३०५ मीटर म्हणजे पंधरा डब्यांच्या लोकलची लांबी, जवळजवळ. वेळ ३.७ सेकंद!

या ३.७ सेकंदांत इंजिनाचा क्रँक किती फिरतो? मिनिटाला ८,००० फेरे धरले तरी जेमतेम ५००. सिग्नलला उभी राहून फटफटणारी स्प्लेंडर २१ सेकंदांत तेवढे फेरे मारते आणि तिला पत्ताही नसतो. इथे मात्र ५०० फेरे झाले की इंजिन खोलतात. पिस्टन बाहेर, क्लच बाहेर, सगळं तपासून परत बसवायचं, पुढच्या धावेआधी, तासाभरात.

आणि आतला माणूस? सुटताना पाठीवर पाचपट वजनापर्यंतचा रेटा. ७० किलोचा माणूस साडेतीनशे किलोचा होतो, सात पोती सिमेंट! कॅमॅरोतून जी सात पोती उतरवली होती ती इथे ड्रायव्हरच्या छातीवर चढली. हेल्मेटसह सहा किलोचं डोकं ३० किलोचं होतं. मानेवर स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर! मग शेवटी पॅराशूट उघडतात आणि तेवढाच हिसका उलट्या दिशेने बसतो.

२०२२मध्ये ब्रिटनी फोर्स यांनी अशा गाडीतून ताशी ३३८ मैल ओलांडले. ५४५ किलोमीटर! या वेगाने डेक्कन क्वीनचा मार्ग २१ मिनिटांत संपेल. तेवढ्या वेळात खरी डेक्कन क्वीन ठाण्यालाही पोहोचलेली नसते. आता तो वेग उभा करू. विहिरी मोजा. तेरा नाहीत, सोळा नाहीत, पंचवीस नाहीत. शहाण्णव! ४० फुटी शहाण्णव विहिरी एकाखाली एक. १,१७० मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. असे जवळजवळ चौदा टॉवर एकावर एक रचा, टोकावर उभे राहा आणि खाली बघा. तेवढ्या उंचीवरून पडणारा माणूस पॅराशूट उघडल्यावर गाडीतून उतरतो, हेल्मेट काढतो आणि हसतो. कारण त्याच्याभोवतीचे पाइप नीट जोडलेले होते.

आता परत ओहायोच्या गॅरेजमध्ये येऊ. माणूस अजून कॅमॅरोपुढे उभा आहे. आता त्याचा निर्णय आपणही घेऊ शकतो, कारण सगळे आकडे आपल्या हातात आहेत. शंभर विहिरी आणि साडेदहा-अकरा सेकंदांवर तो खूश असेल तर मूळ चौकट ठेवावी, आत नियमाप्रमाणे कमान बसवावी आणि वाचलेल्या हजार तासांत मुलांना धावपट्टीवर घेऊन जावं. पण मनात दोनशे विहिरी असतील, आज नाही तर तीन वर्षांनी त्या बोनेटखाली येणार असतील, तर सांगाडा आज बांधावा. मोटरा नंतर. विहीर खणणारा गवंडी पाणी लागण्याची वाट बघत बसत नाही. माती ढासळणारी असेल तर पाण्याआधी काठ बांधून घेतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आपल्याकडेही ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि आपली पोरंही इंजिनात विहिरी वाढवत चालली आहेत. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

साडेबेचाळीस लाख, हजार तास, दीडशे सांधे आणि सोळा मिनिटांचं आयुष्य. हे आकडे वेगासाठी जास्त वाटतात. पंचवीस विहिरींच्या तळाशी सुखरूप पोहोचण्यासाठी मात्र ते अगदी रास्त आहेत. २.१ मिलिमीटर. काडेपेटी उघडा, एक काडी काढा आणि तिच्याकडे पुन्हा एकदा बघा. एवढ्या जाडीच्या भिंतीवर माणसाचा जीव तोलला जातो, आणि नीट जोडली तर ती भिंत तो पेलते!